शेजारच्या सीटचं माप

१

शाळेला सुट्टी लागली की टाचणीचा दिवस दुकानात सुरू व्हायचा. शटर वर ढकलायचं, ते अर्ध्यात अडकलं की खांद्याने एक धक्का द्यायचा, आदल्या दिवशीची दोऱ्यांची टोकं आणि फोमचा भुगा झाडून काढायचा, शिवणयंत्राला दोन थेंब तेल द्यायचं. मग बाबा येऊन कालच्या कामावरून बोट फिरवायचे आणि "हं" म्हणायचे. त्यातलं चांगलं "हं" कोणतं आणि वाईट कोणतं हे कळायला तिला चार-पाच वर्षं लागली होती.

तिचं खरं नाव शाळेच्या दाखल्यावर होतं. घरात आणि दुकानात ती टाचणी. अंगाने बारीक, तोंडात कायम टाचण्या धरलेल्या, आणि आत्याच्या शब्दांत, "पडली तरी आवाज न येणारी." वर्गात हजेरी घेताना ती "हजर" म्हणायची, तरी बाई मान वर करून बघायच्या, आली आहे ना म्हणून.

बाबा गाड्यांच्या सीटा शिवायचे. उभा जन्म त्यातच गेला होता. पण गेल्या हिवाळ्यापासून त्यांच्या उजव्या हाताची दोन बोटं बधिर झाली होती. सुई टोचली तरी त्यांना कळायचं नाही, कापडावर लाल ठिपका दिसला की कळायचं. शहराबाहेरच्या एका फर्निचर कारखान्याने त्यांना पॅकिंग खात्यावर देखरेखीची जागा देऊ केली होती. महिनाअखेरपर्यंत काय ते कळवायचं होतं. हो म्हटलं की दुकान बंद.

"मी शिवते ना," टाचणी म्हणाली होती.

"तू कापड शिवतेस. चामडं वेगळं. कापडात चुकीचं भोक पडलं तर नखाने घासून मिटवता येतं. चामड्यात पडलं ते पडलं."

तिचं बोलणं नेहमी एकाच वाक्याचं असायचं.

त्या महिन्याच्या पंधरा तारखेला ती गाडी आली.

२

गाडी इटलीत बनलेली, गडद निळी, टाचणीच्या दुप्पट वयाची. तिचं नाक इतकं लांब होतं की पुढचे दिवे दुकानात शिरले तेव्हा चालवणारा अजून रस्त्यावरच होता. सगळं इंजिन पुढे, बारा सिलिंडरचं, आणि माणसांची जागा पार मागे, जवळजवळ मागच्या चाकांवर.

"अर्धी गाडी इंजिनाला, उरलेली दोन माणसांना," बाबा हलक्या आवाजात म्हणाले. "दोघांनी बसायचं आणि सकाळी निघून संध्याकाळी समुद्रावर पोचायचं, त्यासाठी बनवतात ही." असं काही आलं की ते देवळात गेल्यासारखे बोलायचे.

गाडीतून उतरलेले गृहस्थ साठीचे होते. नीटनेटके. शर्टाची गळ्याशी असलेली गुंडीसुद्धा लावलेली.

"नवी घेतली तेव्हापासून मी एकटाच चालवतो," ते म्हणाले. "दर रविवारी. माझी सीट आता दमली आहे, तेवढी नवी करून द्या. शेजारचीला हात लावू नका. तिच्यावर कधी कोणी बसलेलंच नाही."

शेजारच्या सीटवर पांढरं सुती आवरण होतं, काठाला बारीक नाड्या बांधलेलं, इस्त्री केल्यासारखं सपाट.

"इतक्या वर्षांत कोणीच नाही?" आत्याने विचारलं. आत्या म्हणजे बाबांची थोरली बहीण. वरच्या मजल्यावर राहायची, चहा घेऊन खाली यायची आणि चहा संपला तरी वर जायची नाही.

"ताई," बाबा म्हणाले.

"विचारलं नुसतं."

गृहस्थांना राग आला नाही. ते खरोखरच आठवत होते. "कोणीच नाही. मी साधी पिशवीसुद्धा तिथे ठेवत नाही, मागच्या फळीवर ठेवतो. का ते माहीत नाही. कधी ठेवावीशी वाटली नाही, एवढंच."

३

चालवणाऱ्याची सीट काढायला सकाळ गेली. तिच्यात नवल काही नव्हतं. बसायच्या जागी चामडं सैल झालेलं, आणि दाराकडचा काठ झिजून आतलं तागाचं कापड दिसत होतं.

"काठ बघितलास?" बाबा म्हणाले. "कुठल्याही सीटचा आधी तोच मरतो. माणूस चढताना तिथे घासतो, उतरताना घासतो. किती वेळा चढला-उतरला ते काठ सांगतो."

चामड्याचा मूळ रंग किती उतरला आहे ते कळायला न वापरलेलं चामडं शेजारी धरून बघावं लागतं. म्हणून बाबांनी शेजारच्या सीटच्या आवरणाच्या नाड्या सोडल्या.

आवरण निघालं. बाबा गुडघ्यांवर बसले. टाचणी त्यांच्या पाठीमागून वाकून बघत होती.

सीट बसकी झाली होती. नुसती बसकी नाही, वाडगा ठेवावा अशी. चामड्यावर बारीक भेगांचं जाळं, मधली शिवण ताणून दोन ठिकाणी उसवलेली, पाठ टेकायच्या जागेला मऊ चकाकी. पायांखालच्या मॅटवर टाचांचे दोन पुसट गोल. चालवणाऱ्याच्या सीटपेक्षा ही जास्त वापरलेली होती.

"बाई," आत्या ठामपणे म्हणाली. "तरी मी म्हणते गळ्याशी गुंडी कशाला. लपवाछपवीची माणसं अशीच असतात."

"असेल. आपल्याला काय करायचंय."

पण बाबांनी बोट दाराकडच्या काठावर ठेवलं होतं आणि ते उचलत नव्हते. टाचणीने पाहिलं. काठ कोरा होता. वरची पायपिंगची, आत दोरी भरलेली गोल शिवण दुकानातून आत्ताच आणावी तशी, चामड्याला मूळची दाणेदार कांती, एक ओरखडा नाही.

"ताई, बाई असली तरी कधीतरी उतरेल की," बाबा म्हणाले.

आत्या हसली. मग तिच्या लक्षात आलं की बाबा विनोद करत नव्हते.

४

संध्याकाळी गृहस्थांना बोलावून घेतलं. त्यांनी चष्मा लावला, वाकले आणि बराच वेळ सीटकडे बघत राहिले. टाचणी त्यांचा चेहरा निरखत होती. चोरी पकडल्यावर माणूस कसा दिसतो हे तिला वर्गातून माहीत होतं. हा चेहरा तसा नव्हता. घरी आल्यावर टेबलावर दुसरी कपबशी मांडलेली दिसावी आणि आपण तर एकटे राहतो, तसा तो चेहरा होता.

"चामडं जुनं झालं की आपोआप बसतं का?" त्यांनी विचारलं.

"थोडं बसतं," बाबा म्हणाले. बाबांना खोटं बोलता येत नसे, ते अर्धं खरं बोलायचे.

"मग हीसुद्धा नवी करा. पण सपाट. कोणी बसलेलंच नाही असं दिसलं पाहिजे, आणि पुढेही तसंच राहिलं पाहिजे." त्यांनी चष्मा काढला. "आमच्या मंडळात अशा जुन्या गाड्यांचे अकरा मालक आहेत. सगळे चांगल्या कारागिराच्या शोधात आहेत. मी सांगितलं की ऐकतात."

अकरा गाड्या, सीटांपासून छतापर्यंत, म्हणजे वर्षभराचं काम.

बाबांनी आपला उजवा हात पुढे केला. "एक सांगून ठेवतो, साहेब. माझा हात गेलाय. मी बेतून देईन, शेजारी उभा राहीन. शिवणार माझी मुलगी. चालत असेल तर बघा."

"मुलीने शिवलं तरी हरकत नाही. टाका सरळ हवा. कुठे आहे ती?"

टाचणी त्यांच्यापासून हातभर अंतरावर उभी होती.

"ही काय," आत्या म्हणाली. "होतं असं. आमचंसुद्धा होतं."

५

चामडं खरंच वेगळं होतं. कापड सुईला वाट देतं, चामडं विचारपूस करतं. पहिले दोन दिवस टाचणी तुकड्यांवर नुसत्या सरळ टिपा मारत होती. तिसऱ्या दिवशी बाबांनी तिच्यासमोर खरं चामडं पसरलं, तिचा खांदा एकदा दाबला आणि रस्ता बघायला दारात जाऊन उभे राहिले. ती चुकली असती तर त्यांना ते बघायचं नव्हतं. ती चुकली नाही.

चालवणाऱ्याची सीट चार दिवसांत झाली. शेजारचीला पाच लागले. जुन्या चामड्यावरून माप घ्यायचं नाही, ते ताणलेलं असतं, त्यात मागच्या माणसाचा आकार शिल्लक असतो. म्हणून बाबांनी चालवणाऱ्याच्या सीटच्या मापाचा नवा कागद उलटा करून शेजारचीचा बेतला. नवा फोम, वर काथ्याचा पातळ थर, वर चामडं. मंगळवारी दुपारी सीट कामाच्या टेबलावर उभी राहिली, पाटीसारखी सपाट.

बुधवारी सकाळी टाचणीने शटर वर केलं, झाडू हातात घेतला आणि थांबली.

सीट मध्ये बसली होती. फार नाही. तिने काठावर पट्टी आडवी ठेवून टेपने खोली मोजली. दोन बोटं.

"फोम हलका निघाला," बाबा म्हणाले. "मी सांगत होतो त्या दुकानदाराला."

दुसऱ्या ठिकाणाहून फोम आणला, हाताने दाबून, वजन करून. टाचणीने शिवण उसवली, भरण बदललं आणि त्याच भोकांतून सुई घालून पुन्हा शिवलं, कारण चामड्यात दुसरी भोकं पाडून चालणार नव्हतं. हे करताना तिच्या मानेला रग लागली. दुपारी एक वाजता सीट पुन्हा सपाट. दोघं जेवायला वर गेले. दोन वाजता खाली आले तर दोन बोटं.

सीट अजून टेबलावरच होती. गाडीला बसवलेलीसुद्धा नव्हती.

बाबा स्टुलावर बसले आणि आपली बधिर बोटं दुसऱ्या हाताने चोळत राहिले. "साहेब शनिवारी येणार," ते म्हणाले. "खोलगट सीट त्यांच्या हातात कशी द्यायची? त्यापेक्षा कारखान्याला हो म्हणून टाकतो. पॅकिंग तर पॅकिंग."

"एक दिवस द्या, बाबा," टाचणी म्हणाली.

६

पाठदुखीचं गिऱ्हाईक आलं की बाबा एक युक्ती करायचे. सीटवर काळं कापड घालायचे, त्यावर खडूची पूड चाळायचे आणि गिऱ्हाइकाला म्हणायचे, बसा, पेपर वाचा. माणूस उठला की कापडावर त्याचा भार दिसायचा. कुठे जास्त, कुठे कमी, कोणत्या बाजूला कलतो. मग त्या मापाने फोम कोरायचा.

गुरुवारी दुपारी बाबा हात दाखवायला डॉक्टरांकडे गेले होते. टाचणीने सीटवर काळं कापड घातलं, पूड चाळली आणि आपलंच तिला हसू आलं. मांजर असेल. दुकानाच्या मागच्या झरोक्यातून एखादं मांजर येत असेल. पुडीत पंजे उमटतील, झरोक्याला जाळी लावू, संपलं. तिने शटर ओढलं, कुलूप घातलं, किल्ली खिशात टाकली आणि वर जेवायला गेली.

"आत्या, तू कधी त्या सीटवर बसलीस का?" जेवताना तिने विचारलं.

"मी बसले असते तर सीट उरली असती का?" आत्या म्हणाली. "जेव नीट. पक्ष्यासारखी टिपतेस."

दोन वाजता टाचणीने कुलूप काढलं. शटर अर्ध्यात अडकलं. तिने धक्का दिला नाही. वाकून आत गेली.

पंजे नव्हते.

काळ्या कापडावर दोन मांड्यांच्या जागी पूड दबून चिकटली होती. अरुंद. हलकं माणूस, लहान चणीचं. भार पुढच्या काठाकडे, टेकून न बसता अवघडून बसावं तसा. आणि दोन्ही मांड्यांखाली, आतल्या बाजूला, पाच-पाच बोटांच्या खुणा. तळहात खाली, बोटं पुढे.

टाचणीला ते बसणं ओळखायला वेळ लागला नाही. वर्गात शेवटच्या बाकावर ती स्वतः तशीच बसायची, हात मांड्यांखाली घालून, म्हणजे कोणी आपल्याला काही विचारू नये.

आपणच बसलो होतो का? तिने मनात दुपार पुन्हा मोजली. कुलूप, जिना, ताट, आत्याचं बोलणं, जिना, कुलूप. मध्ये जागा नव्हती. तिने आपला स्कर्ट पुढे ओढून मागची बाजू पाहिली. पूड नव्हती.

भीती वाटायला हवी होती. ती वाटलीही, पण आधी दुसरंच काही वाटलं. तीस वर्षं. एका चांगल्या, नीटनेटक्या माणसाशेजारी तीस वर्षं हात मांड्यांखाली घालून बसायचं, आणि त्या माणसाने एकदाही मान वळवायची नाही.

तिने टेप काढला आणि माप घेतलं.

७

संध्याकाळी तिने बाबांना कापड दाखवलं. त्यांनी ते उजेडात धरलं.

"तूच बसली असशील."

"नाही."

"विसरली असशील. कामाच्या नादात होतं." त्यांनी कापड झटकलं आणि घडी घातली. त्यांना दुसरं काही मानायचं नव्हतं, आणि टाचणीला वाद घालता येत नव्हता. तिने एवढंच विचारलं, "भरण मी माझ्या मनाने केलं तर चालेल?"

"आता काय राहिलंय बिघडायचं. कर."

रस्ते दोन होते. एक, फोम इतका कडक भरायचा की कोणी बसूच शकणार नाही. गृहस्थांना तेच हवं होतं. दुसरा रस्ता तिला बाबांनीच पाठदुखीच्या गिऱ्हाइकांसाठी शिकवला होता. जिथे भार आहे तिथे खाली घट्ट आधार द्यायचा, म्हणजे सीट बसत नाही. माणूस टेकतो आणि सीट त्याला धरते.

तिने शुक्रवारची अख्खी सकाळ फोम कोरण्यात घालवली. मांड्यांखाली घट्ट, पुढच्या काठाला मऊ, पाठीला आधार थोडा पुढे आणलेला, म्हणजे अवघडून बसायला नको. आणि दोन्ही बाजूंना आतून, वरून दिसणार नाही असे, हात ठेवायला दोन उथळ खळगे. वर काथ्या, वर चामडं. बाहेरून सीट पाटीसारखी सपाट.

शिवण बंद करताना तिच्या मनात आलं की हे सांगितल्यासारखं झालेलं नाही. कोणी बसू नये अशी सीट मागितली होती, आणि आपण कोणालातरी बसा म्हणालो. पण दोरा ओढून गाठ मारली आणि टोक कापलं. झालं ते झालं.

दुपारी सीट बसली नाही. संध्याकाळी बसली नाही. शनिवारी सकाळी बाबांनी पट्टी आडवी ठेवली. पट्टीखाली कागदसुद्धा जाईना.

"हं," ते म्हणाले. मग जे ते कधी करत नसत ते त्यांनी केलं, पुढे बोलले. "आज साहेब खूश होऊन गेले की कारखान्याला नाही म्हणून कळवतो. तू आहेस की."

टाचणीने मान हलवली. दोघांनी मिळून सीट उचलून गाडीत बसवली. उचलताना तिला ती जरा जड वाटली. नव्या फोमचं वजन असणार. बोल्ट आवळून झाल्यावर तिने दार लावलं, आणि हलकेच लावलं, आतल्याला धक्का बसू नये असं.

८

गृहस्थ अकराला आले. आपल्या सीटवर बसून त्यांनी दोन्ही हात चाकावर ठेवले आणि डोळे मिटले. मग वाकून शेजारच्या सीटवरून तळवा फिरवला, दाबून पाहिला.

"अगदी नवी," ते म्हणाले. त्यांच्या खांद्यांवरचं ओझं उतरलेलं दिसलं. "टाके कुरकुरणार तर नाहीत?"

"ते गाडी चालू असताना कळतं," बाबा म्हणाले. "आमच्याकडे पहिली फेरी शिवणारा मारतो, आपण शिवलेल्या सीटवर बसून. कान त्याचाच लागतो. चौकापर्यंत जाऊन या. टाचणी, बस."

टाचणी जागची हलली नाही. "तुम्ही बसा ना, बाबा."

"शिवलं कोणी?"

"आत्या बसेल."

"मला त्यात बसवाल खरं, पण बाहेर काढाल कसं?" आत्या म्हणाली.

गृहस्थ टाचणीकडे बघू लागले. या वेळी त्यांना ती दिसली. "काही अडचण आहे का त्या सीटमध्ये?"

तो प्रश्न दुकानाच्या मध्यभागी येऊन उभा राहिला. बाबांचा चेहरा एका क्षणात जुना झाला. शिवणारीच आपल्या सीटवर बसायला तयार नाही, मग अकरा गाड्या कशाला येतील? टाचणीला ते सगळं दिसलं. कारखान्याचं पॅकिंग खातं दिसलं, खोक्यांवर शिक्के मारणारे बाबा दिसले.

"नाही," ती म्हणाली आणि दार उघडलं.

ती काठावर टेकली, दाराला चिकटून, अर्ध्या मांडीवर. बसमध्ये भरल्या बाकावर बसतात तशी. गृहस्थांनी किल्ली फिरवली. इंजिन पुढे कुठेतरी लांब जागं झालं, त्याची थरथर त्या लांबच लांब नाकातून येत तिच्या पावलांपर्यंत पोचली. गाडी रस्त्यावर आली.

दिवस स्वच्छ होता. लाँड्रीवाला कपडे वाळत घालत होता. घड्याळाच्या दुकानासमोर दोन बायका बोलत उभ्या होत्या. टाचणीने कान शिवणीकडे लावला. कुरकुर नव्हती. एकही टाका बोलत नव्हता. आपण शिवलेलं चामडं इतकं मुकाट चालतंय हे ऐकून तिला आत कुठेतरी ऊब वाटली.

पहिल्या वळणावर ती कलली आणि सीटच्या मध्याकडे सरकली.

सीट तिच्याखाली हलली. खाली गेली नाही, बाजूला झाली. बाकावरचं माणूस, या, जागा आहे, असं न बोलता सरकतं तशी. टाचणीची पाठ टेकली. तिने पुढे आणलेला आधार तिच्या कमरेला नेमका लागला. हात कुठे ठेवावेत ते तिला कळत नव्हतं, आणि पुढच्या वळणावर ते मांड्यांखाली गेले होते. तिथे दोन उथळ खळगे होते. सगळं इतकं नेमकं होतं की आपण कुठे संपतो आणि सीट कुठे सुरू होते हे तिला नीट सांगता आलं नसतं.

"छान चाललीय," गृहस्थ म्हणाले. "किती वर्षांनी शेजारी कोणी बसलं. खरं म्हणजे पहिल्यांदाच."

चौक आला. गाडी वळली.

९

दुकानासमोर गाडी थांबली. बाबा आणि आत्या पायरीवर उभे होते. टाचणीच्या बाजूचं दार उघडलं. तिने एक पाय बाहेर टाकला.

तिने पाय टाकला होता याची तिला खात्री होती. फुटपाथवर सँडल टेकलेली तिला दिसली, मग दुसरी. तपकिरी स्कर्ट दिसला. पाठ दिसली, आणि पाठीवरची वेणी. वेणी सैल झाली होती आणि तिचं टोक डावीकडे वळलेलं होतं. आपली वेणी मागून अशी दिसते हे टाचणीला माहीत नव्हतं.

"कुरकुर?" बाबांनी विचारलं.

"एकसुद्धा नाही, बाबा." आवाज मोकळा होता, समोरच्या फुटपाथवर ऐकू जाईल असा. "कारखान्याला नाही म्हणून कळवा. दुकान आता मी बघते."

बाबा हसले. हिवाळ्यापासून टाचणीने ते हसणं ऐकलं नव्हतं. त्यांनी आपला बधिर बोटांचा हात त्या मुलीच्या डोक्यावर ठेवला आणि तसाच राहू दिला.

"अगंबाई," आत्या म्हणाली, "हिला कंठ फुटला की."

गृहस्थ हात उंच करून म्हणाले, "मंडळात सांगतो. पुढच्या आठवड्यात एक-दोघं येतील." मग ते वाकले आणि आडवा हात लांबवून त्यांनी पलीकडचं दार ओढून घेतलं. त्यांची बाही टाचणीच्या गुडघ्यांवरून गेली. तिला ती लागली नाही. त्यांनी सीटवर तळवा ठेवला, दाबला, समाधानाने उचलला.

दुकानाच्या दारात ती मुलगी एकदा वळली. उन्हामुळे चेहरा नीट दिसला नाही. तिने गाडीच्या काचेकडे पाहिलं, बसमध्ये आपल्याला जागा करून देणाऱ्याकडे उतरताना बघतात तसं, आणि बाबांचा हात धरून आत गेली.

"काका," टाचणी म्हणाली.

गृहस्थांनी आरसा नीट केला.

"काका," ती जरा मोठ्याने म्हणाली. "मी राहिले."

मागून एक सायकलवाला येत होता. गृहस्थांनी त्याला पुढे जाऊ दिलं, रस्ता मोकळा झाल्याची खात्री केली आणि गाडी सावकाश पुढे घेतली.